जाताना एकोणीस तास, येताना सात

पहिला दिवस : हेलसिंकी

आई तीस वर्षं बँकेत होती. आकडा उघडा पडलेला तिला बघवत नाही. ताळा जुळला की मगच चष्मा काढते. उन्हाळ्यात ती माझ्याकडे हेलसिंकीला आली होती आणि जूनमध्ये आम्ही दोघींनी दादाकडे जपानला आठवडाभर जाऊन यायचं ठरवलं. मी तिकिटं तिच्या फोनवर पाठवली. अर्ध्या तासात बाई वही घेऊन समोर हजर.

"हेलसिंकी ते टोकियो सात हजार आठशे किलोमीटर. विमान ताशी नऊशेनं जातं असं तूच म्हणालीस. म्हणजे आठ तास चाळीस मिनिटं. मग तिकिटावर तेरा तास कसे?"

मी तोंड उघडणार तोच पान उलटलं गेलं. "आणि हे बघ. निघायचं संध्याकाळी साडेपाचला, पोचायचं दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला. हे तर एकोणीस झाले. आठ-चाळीस, तेरा, एकोणीस. यातला खरा कुठला?"

तिन्ही खरे, असं उत्तर बँकेत चालत नाही. एकोणीसचं कोडं सोपं होतं. उन्हाळ्यात टोकियोचं घड्याळ हेलसिंकीच्या सहा तास पुढे असतं, ते वजा केले की तेरा उरतात. पण आठ-चाळीसचे तेरा कसे होतात हे सांगायला पृथ्वीचा गोल लागणार होता. शेजारच्या मुलाकडून तो आणला, आणि आईच्या शिवणाच्या डबीतला दोरा घेतला.

भिंतीवरच्या सपाट नकाशात हेलसिंकीपासून टोकियोपर्यंत पट्टी ठेवली, तर रेघ तिरकी खाली उतरत मध्य आशियावरून जाते. गोलावर दोरा ताणला की मात्र तो आपोआप वर सरकतो. सगळ्यात कमी दोरा लागतो तो सायबेरियावरून, आणि एका ठिकाणी तर सदुसष्ट अंशांपर्यंत, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्याही थोडा वर चढतो. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता सपाट कागदावर वाकडा दिसतो, यात दोष कागदाचा. आईने दोरा दोनदा ओढून पाहिला, नखाने खूण केली आणि मान डोलावली. सात हजार आठशे म्हणजे हा दोरा.

"मग याच रस्त्यानं का नाही नेत आपल्याला?"

कारण हा जवळजवळ सगळा दोरा रशियावर पडतो. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर युरोपीय संघानं रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि लगेच २८ फेब्रुवारीला रशियानं ३६ देशांच्या विमान कंपन्यांना आपलं. तोवर हेलसिंकीहून टोकियोला साडेनऊ तासांच्या आसपास पुरत. आशियाला जायचा सगळ्यात जवळचा युरोपीय विमानतळ म्हणून या शहराचा बोलबाला होता तो याच दोऱ्याच्या जिवावर. शहर तिथंच आहे, टोकियोही तिथंच आहे, दोघांमधलं अंतर एका किलोमीटरनंही बदललेलं नाही. रस्ता तेवढा बंद झाला.

आईनं वहीत लिहिलं: "अंतर ७,८००. रस्ता वेगळा." आणि 'रस्ता'खाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी विमानतळावर तिनं निघण्याची वेळ टिपायचं ठरवलं. विमान जागेवरून हललं तेव्हा माझ्या फोनमध्ये बरोबर १७:३०. चाकं जमिनीवरून सुटायला मात्र आणखी चौदा मिनिटं लागली. मी तिला म्हटलं, तिकिटावरची वेळ उडण्याची नसतेच. विमान जागेवरून सुटतं तिथून ते दुसऱ्या गावी पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत, म्हणून त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. आत धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण, उतरायला जागा नसली तर वर घातलेल्या घिरट्या, सगळं आलं.

"म्हणजे नऊशेनं भागायचं ते मधल्या तुकड्यालाच."

बरोबर. ज्यांना विमान प्रवासाचा वेळ किलोमीटरवरून काढायची सवय आहे त्यांनी ही चौदा मिनिटं लक्षात ठेवावीत. जाताना चौदा, पोचल्यावर तेवढीच, शिवाय चढता-उतरताना विमान नऊशेच्या जवळपासही नसतं. लांबच्या प्रवासात हे सगळं मिळून सहज अर्धा-पाऊण तास खातं.

दुसरा दिवस : हवेत, मग टोकियो

दिवस हवेतच बदलला. आमचं विमान दक्षिणेच्या वाटेनं गेलं: बाल्टिक, पोलंड, रोमानिया, काळा समुद्र, कॉकेशस, कॅस्पियन, कझाकस्तान, चीन. रशियाची कड धरून, पण तिला न शिवता. समोरच्या पडद्यावर आमची रेघ आणि माझ्या डोक्यातला तो दोरा यांच्यामध्ये अख्खं सायबेरिया मावत होतं. पडद्यानं एकूण रस्ता दाखवला तो अकरा हजार किलोमीटरच्या वर. आईनं लगेच सात हजार आठशेनं भागलं. "चाळीस टक्के जास्त. चाळीस टक्के जास्त इंधन पण?" साधारण तेवढंच. खरं तर लांब पल्ल्याला इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं, पण ते तिला रात्री सांगायचं धाडस केलं नाही.

सूर्य मावळला कॉकेशसच्या आसपास आणि चीनच्या पश्चिम टोकाला पुन्हा उगवला. जेमतेम पाच तासांची रात्र. आपण पूर्वेला पळतो, सूर्य समोरून येतो, दोघांच्या धावण्यात रात्र चेंगरते.

मला झोप येईना तेव्हा मी पडदा बघत बसले. उंची ११,९०० मीटर, बाहेर उणे चोपन्न अंश, आणि वेग ९८५. थोड्या वेळानं १,००४. विमानाचं इंजिन तेच, पायलटनं काही जोर लावलेला नाही. हवेच्या तुलनेत आम्ही नऊशेनंच चाललो होतो, पण हवा स्वतःच शंभरच्या वेगानं पूर्वेकडे निघाली होती. नदीच्या धारेबरोबर पोहणाऱ्यासारखं. आई जागी झाली, तिनं तो १,००४ पाहिला आणि काही न बोलता वही काढली.

टोकियोच्या हानेदा विमानतळावर चाकं टेकली १२:०२ला. जागेवर थांबलो १२:२०ला. वेळेच्या दहा मिनिटं आधी. आईचा हिशोब: घड्याळानं अठरा तास पन्नास, सहा वजा, खरे बारा तास पन्नास मिनिटं.

तिसरा दिवस : त्सुकुबा

दादा टोकियोच्या ईशान्येला त्सुकुबाला राहतो, संशोधन संस्थांचं गाव. या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण आम्ही तो झोपून काढला. लोक समजतात की दूरच्या प्रवासानंतर सतत झोप येते. पूर्वेला गेल्यावर आधी उलटंच होतं: त्सुकुबात रात्रीचे अकरा वाजले तरी अंगाच्या लेखी हेलसिंकीतले संध्याकाळचे पाचच असतात. पहाटे चारपर्यंत आम्ही दोघी टक्क जाग्या, सकाळी दहाला उठवत नव्हतं. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एखादा तास सरकतं, आणि झोप पुढे ढकलणं जितकं सोपं तितकं आधी ओढणं नाही. सहा तासांचा फरक फिटेपर्यंत आमची परतायची वेळ होणार होती.

चौथा दिवस : तातेनो

हा दिवस खरा दादाचा. "वारा बघायचाय ना तुम्हाला, चला," म्हणाला, आणि सकाळी आठला गाडीत घातलं. त्सुकुबातच तातेनो नावाचा भाग आहे, तिथं १९२०पासून हवामानखात्याची उंच हवेची वेधशाळा आहे. आत जायची काही सोय आम्ही केली नव्हती. रस्त्याच्या कडेला, कुंपणापाशी छत्र्या घेऊन उभे राहिलो. जूनमधला जपानी पाऊस, बारीक, न थांबणारा.

साडेआठच्या सुमाराला झाडांच्या वरून एक पांढरा फुगा निघाला. आवाज नाही, काही नाही. खाली लांब दोरी, दोरीला टोपलीएवढंसुद्धा नाही असं एक छोटं खोकं. आईनं छत्री मागे केली आणि चेहऱ्यावर पाऊस घेत बघत राहिली. ढग खाली होते, फुगा मिनिटाभरात दिसेनासा झाला.

"इतकंच?"

इतकंच. पण हा फुगा मिनिटाला तीनशेहून जास्त मीटर चढत तीस किलोमीटरपर्यंत जातो, वाटेत तापमान, आर्द्रता मोजत आणि वारा त्याला कुठं ढकलतो ते कळवत. मग फुटतो. असे फुगे जगभर शेकडो ठिकाणांहून दिवसातून दोनदा, एकाच ठरलेल्या वेळी सुटतात. जपानात ती वेळ सकाळी नऊची आणि रात्री नऊची, फुगा सोडतात मात्र अर्धा तास आधी. त्यातून कोणत्या उंचीवर किती वारा आहे हे कळतं आणि त्यावरून विमान कंपन्या त्या दिवसाची वाट ठरवतात. दादा म्हणाला, "परवा तुम्हाला उत्तरेनं नेतील की दक्षिणेनं, त्यात या फुग्याचाही हात असणार."

याच ठिकाणी ओइशी वासाबुरो नावाचे वेधशाळेचे पहिले संचालक होते. १९२०च्या दशकात ते असेच फुगे सोडून दुर्बिणीतून त्यांचा माग काढत. हजाराहून जास्त नोंदी केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हिवाळ्यात जपानच्या वर, खूप उंचीवर, पश्चिमेकडून प्रचंड जोराचा वारा वाहतो. आज ज्याला जेट प्रवाह म्हणतात तो हाच. आता गंमत बघा: जगाला कळावं म्हणून त्यांनी १९२६मध्ये हा अहवाल छापला तो एस्पेरांतो भाषेत. सगळ्या जगाची भाषा व्हावी म्हणून बनवलेली भाषा, आणि म्हणून जगात जवळजवळ कुणीच वाचला नाही. नोव्हेंबर १९४४मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर आली तेव्हा वैमानिकांना हा वारा अचानक भेटला आणि बॉम्ब भलतीकडे पडले. उलट जपान्यांना तो ठाऊक होता. त्यांनी कागदी फुग्यांना बॉम्ब बांधून, पॅसिफिक ओलांडून अमेरिकेवर असे नऊ हजारांहून जास्त फुगे सोडले. वाऱ्यानं त्यांतले काही खरंच पोचवले.

आईला एस्पेरांतोचा किस्सा फार आवडला. बँकेत असताना कुणी तरी ताळेबंद संस्कृतात लिहिला असता तर काय झालं असतं, यावर ती गाडीत बराच वेळ हसत होती.

परतताना तिनं आणखी एक शंका काढली. "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग येताना आपलं विमान नुसतं वर उभं राहिलं तर? हेलसिंकी फिरत फिरत खाली येईल."

दादानं गाडी सिग्नलला थांबवली. "आई, चालत्या आगगाडीत तू उडी मारलीस तर मागच्या डब्यात पडतेस का? डब्यातली हवा डब्याबरोबरच पळते. तशी पृथ्वीची हवा पृथ्वीबरोबर. विमान त्या हवेतलंच."

"बरं. मग वारा?"

"वारा म्हणजे हवा पृथ्वीपेक्षा जरा पुढे किंवा मागे पळते तेवढंच."

पाचवा दिवस : पाऊस

बाहेर पडलोच नाही. दादाच्या टेबलावर जुन्या वाटांची उजळणी झाली, ती थोडक्यात देते.

रशियाचं आकाश बंद असणं ही नवी गोष्ट नाही. शीतयुद्धातही बराच काळ ते परदेशी विमान कंपन्यांना जवळजवळ बंदच होतं. युरोपातून जपानला जायचं तर एक तर भारत, थायलंड करत खालून, नाही तर वरून. वरची वाट फेब्रुवारी १९५७मध्ये स्कँडिनेव्हियन कंपनीनं उघडली: कोपनहेगन, मग अलास्कातलं अँकरेज, मग टोकियो. इंधन भरायला थांबणाऱ्या विमानांनी अँकरेजचा विमानतळ गजबजून गेला. १९८३मध्ये फिनलंडच्या कंपनीनं जादा टाक्यांचं डीसी-१० विमान घेऊन ध्रुवावरून हेलसिंकी ते टोकियो न थांबता प्रवास सुरू केला. लागणारा वेळ? तेरा तास.

"म्हणजे चाळीस वर्षांनी परत तिथंच," आई म्हणाली.

त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेनं जाहीर केलं की लष्करासाठी बनत असलेली जीपीएस यंत्रणा सामान्य विमानांनाही खुली करू. आपल्या खिशातल्या नकाशाची मुळं अशी या वाटेवर आहेत. शीतयुद्ध संपलं, सायबेरिया खुलं झालं, सगळे सरळ दोऱ्यावरून जाऊ लागले, अँकरेजचे थांबे ओस पडले. तीसेक वर्षं हे चाललं आणि आपल्याला वाटलं की हेच नैसर्गिक अंतर.

सहावा दिवस : रात्री दहा, हानेदा

आम्हाला उत्तरेची वाट मिळाली. दादानं आधीच सांगितलं होतं, पश्चिमेला जाताना तो जोराचा वारा समोरून येतो, म्हणून त्याच्या पट्ट्यातून बाहेर पडून ध्रुवाकडून जाणं परवडतं. जागेवरून सुटलो २२:००ला, तारीख १८ जून. तिकिटावर पोचायची वेळ १९ जून, पहाटे पाच.

आईनं सहज वजाबाकी केली. "सात तास! जाताना एकोणीस आणि येताना सात." मग वहीकडे बघत गप्प झाली. कसला तरी हिशोब मनात सुरू झाल्याची ती खूण. मी विचारलं नाही.

सातवा दिवस, म्हणजे मधे पुन्हा सहावा

विमान जपानपासून ईशान्येला, पॅसिफिकवरून, रशियाच्या कामचाटका द्वीपकल्पाच्या बाहेरून निघालं. अंधार तीन तास टिकला. मग खिडकीच्या झडपेच्या फटीतून नारिंगी रेघ आली आणि त्यानंतर हेलसिंकीला उतरेपर्यंत सूर्य मावळलाच नाही.

बेरिंग समुद्रात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. टोकियोच्या घड्याळात मध्यरात्र उलटून १९ तारीख लागून दोनेक तास झाले होते. रेषेपलीकडे पुन्हा १८. आईनं वहीत "१९" लिहिलेलं खोडून "१८" केलं. मी म्हटलं, थांब, ध्रुव ओलांडल्यावर परत १९ होणार आहे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी खात्यात नोंद करून उलटवतेय.

सहप्रवासी झोपलेले. पाठीमागच्या बाजूला कर्मचारी उभे होते, त्यातल्या एकीला मी विचारलं, इथं काही झालं तर उतरणार कुठं? ती हसून म्हणाली, अलास्का, नाही तर पलीकडे स्वालबार्डची बेटं किंवा नॉर्वे. ध्रुवावरून जाताना कडाक्याच्या थंडीचे पोशाख सोबत ठेवावे लागतात. कुठं तरी उणे तीसमध्ये उतरावं लागलं, तर दार उघडून बाहेर पडणाऱ्या माणसासाठी. सगळ्या प्रवाशांसाठी नाहीत, हे मी आईला सांगितलं नाही.

बाहेरच्या थंडीची खरी चिंता इंधनाला असते. पंखांच्या टाक्यांतलं जेट इंधन उणे चाळीस ते उणे सत्तेचाळीसच्या दरम्यान, कुठल्या जातीचं आहे त्यानुसार, गोठू लागतं. तास न् तास गार हवेत राहिलं की तेही गार होत जातं, म्हणून पायलट त्याच्या तापमानावर नजर ठेवतात. फारच उतरलं तर खाली उबदार थरात येतात किंवा वेग वाढवतात, घर्षणानं पंख थोडे तापतात. जूनमध्ये ही भीती कमी. होकायंत्राची सुई मात्र बारा महिने इथं निरुपयोगी, कारण चुंबकीय ध्रुव जवळच कुठं तरी पायाखाली असतो. आणि विषुववृत्तावर टांगलेले उपग्रह क्षितिजाखाली जातात, त्यामुळे वर वर जाता जाता आमचं वायफाय मेलं.

टोकियोच्या घड्याळात सव्वासात वाजले तेव्हा मी आईला हलवलं. झडप चार बोटं वर केली. खाली पांढरं, पण एकसारखं नाही. तडकलेल्या जुन्या बशीसारखं, भेगांमधून काळं पाणी. ऊन तिरपं, कुठं झाड नाही, घर नाही, म्हणून ते किती खाली आहे हे कळायला काही साधन नाही. आई काचेला कपाळ टेकून होती. तिच्या श्वासानं काच धुरकट झाली, तिनं पदरानं पुसली, परत टेकली.

पडद्यावर आमची दिशा "उत्तर" अशी दाखवत होते. ८९ अंश. साडेएकोणनव्वद. आणि मग, विमानानं काडीचंही वळण न घेता, "दक्षिण".

"वळलो?"

"नाही. इथून सगळीकडे दक्षिणच."

ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र मिळालं, ते आईनं वहीत घडी न करता ठेवलं. तिथून हेलसिंकी तीन हजार तीनशे किलोमीटर, स्वालबार्डच्या बाजूनं आणि नॉर्वेवरून खाली. हा तुकडा मी झोपून काढला. जागेवर उभे राहिलो ५:२४ला, चोवीस मिनिटं उशिरा, कारण समोरचा वारा वाटला त्यापेक्षा जास्त निघाला असं पायलटनं सांगितलं.

घरी आल्यावर मी पिशव्या उघडत होते आणि आई स्वयंपाकघराच्या टेबलाशी. थोड्या वेळानं तिनं हाक मारली.

"हे बघ. जाताना घड्याळानं अठरा-पन्नास. येताना सात-चोवीस. बेरीज सव्वीस तास चौदा मिनिटं, निम्मे तेरा-सात. हा एका बाजूचा सरासरी वेळ. घड्याळांचा फरक एकदा जमा, एकदा नावे, आपोआप कटला. मला ते सहा तास माहीत नसते तरी चाललं असतं."

मी चकित. हे मला कधी सुचलं नव्हतं.

"आता वजाबाकी. अकरा-सव्वीस. निम्मे पाच-त्रेचाळीस. हा दोन घड्याळांमधला फरक यायला हवा. पण तू म्हणतेस सहा. सतरा मिनिटं कमी पडतात."

आम्ही दादाला फोन लावला. तो म्हणाला, जाणं आणि येणं सारख्याच वेळात झालं असतं तरच बरोबर सहा आले असते. तुम्हाला जाताना बारा-पन्नास लागले, येताना तेरा-चोवीस. चौतीस मिनिटांचा फरक, त्याचे निम्मे सतरा.

आईनं फोन कानाला धरूनच लिहिलं. शेवटच्या ओळीत, नावेच्या बाजूला: "वारा व वळसा – ०:१७." मग खाली दुहेरी रेघ मारली आणि चष्मा काढला.